कॉटला बांधलेली पट्टी

कुणी त्या हॉस्पिटलच्या मशिनांचं कौतुक सांगायला लागलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मशिनांवर माझा राग नाही. मशीन चांगलंच होतं. इतकं चांगलं मशीन आणून ज्यांनी त्याची माती केली, त्यांच्यावर आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. गारखेड्यात आमच्या नळाला कधीतरी पाणी यायचं, तेही गढूळ, आणि बाकीचे दिवस टँकरवाल्याच्या विनवण्या करण्यात जायचे. शहराला मात्र वाढायची घाई होती. बायपासच्या पलीकडे जिथं मी लहानपणी ज्वारी पाहिली होती, तिथं आता काचेचं हॉस्पिटल उभं होतं. आईच्या पायाची जखम चिघळली आणि साखर आटोक्यात येईना, तेव्हा तिला तिथं नेलं. आई निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली तरी तिच्यातली बाई काही सुटली नव्हती, त्यामुळे सगळा वॉर्ड पहिल्याच दिवसापासून तिला ‘बाई’ म्हणू लागला.

दाखल करताना तिच्या मनगटावर बारकोडची कागदी पट्टी बांधली. सिस्टरनं औषध देण्याआधी ही पट्टी स्कॅन करायची, मग ट्रॉलीतला त्याच पेशंटचा कप्पा उघडणार, औषध स्कॅन केलं की पडद्यावर हिरवी खूण येणार. दुसऱ्याचं औषध तुम्हाला मिळणं शक्यच नाही, असं काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, आणि ते अशा थाटात की जणू त्यानंच घरी बसून ते बनवलं होतं. मी त्याला हसले नाही. पूर्वी एका दवाखान्यात शेजारच्या पेशंटची गोळी आईच्या हातावर ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मला खरोखर हायसं वाटलं.

हे समाधान वॉर्डात जाईपर्यंतच टिकलं. उन्हाळा मी म्हणत होता. जनरल वॉर्डात एसी नव्हता, कूलर होते, आणि कूलरला पाणी लागतं. टँकरच्या पाण्यातून एकच कूलर भरायचा असं ठरलेलं होतं. बाकीचे कोरडे ठणठणीत, नुसती गरम हवा फेकत. घामानं मनगटावरच्या पट्ट्या दोन दिवसांत लगदा होत, मशिनाला त्या वाचता येत नसत. सिस्टर बिचारी एकेका हातावर मशीन पुढं-मागं करत बसे, आणि तेवढ्यात खाली लॉबीतल्या मोठ्या पडद्यावर आमचा वॉर्ड लाल व्हायचा. औषधाला उशीर झाला की लाल. पाहुण्यांना तो पडदा दाखवला जायचा, त्यामुळे लाल झालं की वरून फोन यायचा आणि सिस्टरला सगळ्यांदेखत बोलणी बसायची.

मग वॉर्डातल्या स्टाफनं तोडगा काढला. पट्ट्या पुन्हा छापून घेतल्या आणि मनगटाऐवजी कॉटच्या डोक्याकडच्या लोखंडी दांड्याला बांधल्या. लोखंडाला घाम येत नाही. स्कॅन पटकन होतं. दुसऱ्या दिवसापासून आमचा वॉर्ड हिरवागार. हे चोरून चाललं होतं असं कुणी समजू नये. राउंडला येणारे डॉक्टर पाहत होते, वरचे साहेब पाहत होते. पट्टी माणसाला बांधायची असते, एवढी साधी गोष्ट कुणालाच खटकली नाही. मी एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, “ताई, पेशंट कॉटवरच असतो ना?”

नसतो. आमच्याकडे तर नसतोच. तो एकमेव चालू कूलर आईच्या कॉटशेजारी होता, आणि एकटीनं गार हवा खात पडून राहणं आईला कसं जमणार? तिनं पाळ्या लावल्या. दुपारच्या जेवणानंतर एकेका बाईनं आईच्या कॉटवर येऊन पडायचं, आणि तेवढा वेळ आईनं त्या बाईच्या कॉटवर जायचं. बायका आधी लाजल्या, मग हक्कानं येऊ लागल्या. कुणाची पाळी कधी, यावरून आई त्यांना शाळेतल्यासारखी दटावायची. गार हवा वाटून घेण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आजही वाटत नाही.

त्या दिवशी फुलंब्रीच्या बाईची पाळी होती. पोटाचं ऑपरेशन झालेलं, नुसत्या पेजेवर होती, आणि कित्येक दिवसांची झोप राहिलेली. कूलरपुढं तोंडावर पदर घेऊन तिचा असा डोळा लागला की चहाच्या वेळेलाही जाग आली नाही. आई म्हणाली, “झोपू दे तिला, मी इथंच बरी आहे,” आणि भिंतीकडच्या तिच्या कॉटवर पडून राहिली. मी पिण्याचं पाणी भरायला खाली गेले, कारण वॉर्डातला फिल्टर सकाळपासून कोरडा होता. खाली बाटल्यांची रांग होती.

वर आले तर आई उठून बसली होती. जेवणाआधीचं इन्सुलिन अजून आलं नाही, असं ती सिस्टरला सांगत होती.

“तुमचं झालंय की, आजी,” सिस्टर म्हणाली.

“मला कुणी टोचलं नाही.”

सिस्टरनं हातातल्या मशिनाकडे पाहिलं. “हे बघा, हिरवं आहे. विसरल्या असाल.”

माझा पारा चढला. पन्नास पोरांची हजेरी कागद न बघता घेणारी माझी आई, तिला स्वतःच्या पोटाला सुई लागली की नाही हे कळत नाही? मी आवाज चढवला. सिस्टरही चढवणार होती. पण आई आमच्याकडे पाहतच नव्हती. ती कूलरकडे पाहत होती.

“ती थरथरतीय,” आई म्हणाली.

फुलंब्रीची बाई कूलरच्या गार वाऱ्यात घामानं निथळत होती. हाक मारली तर ओळख नसल्यासारखी बघायची. साखर उतरली की काय होतं हे आईनं स्वतः भोगलेलं होतं. तिनं सिस्टरला एवढंच विचारलं, “माझं इंजेक्शन तिला दिलंस का गं?” त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. धावाधाव झाली, डॉक्टर आले, सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं. बाईचा नवरा पायथ्याशी उभा राहून सगळ्यांना एकच विचारत होता, “वाचंल ना ओ? वाचंल ना?” बाई वाचली. पण तेवढ्या वेळात तो माणूस कसा उभा होता ते मी पाहिलं आहे, आणि त्यासाठी मी कुणालाही माफ केलेलं नाही.

इकडे माझी आई इन्सुलिनवाचून तशीच बसलेली. तिला द्या म्हटलं तर कप्पा उघडेना. मशिनाच्या हिशेबी तिचा डोस झालेला. दुसरा डोस द्यायचा तर वरची परवानगी, परवानगी द्यायची तर साहेबांना फोन, साहेब मीटिंगमध्ये. जिला दिलं ती समोर मरता मरता राहिली, जिला दिलं नाही ती तोंडानं सांगतेय, आणि हे विश्वास ठेवतात कशावर, तर हिरव्या खुणेवर. शेवटी डॉक्टरांनी तिच्या बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली तेव्हा कुठं कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. तिथं एसी होता. साहेब फार गोड बोलले. सिस्टिममध्ये काही चूक नाही म्हणाले, सिस्टरला कामावरून थांबवलंय म्हणाले, आणि मूळ कारण म्हणजे आजींनी परवानगी न घेता जागा बदलली, तेवढं लिहून सही द्या म्हणाले. मी उठून भांडायलाच लागले होते. आईनं माझा हात दाबला.

“लिहिते,” ती म्हणाली. “जागा मी बदलली हे खरंच आहे. पण पट्टी हातावर बांधायची ती लोखंडाला बांधली होती, आणि तुम्ही ती रोज बघत होतात, हेही लिहिते.”

साहेबांनी कागद मागं ओढून घेतला. राहू द्या म्हणाले, तुम्ही आराम करा.

आता पट्ट्या हातावर बांधतील, असं मला वाटलं. किती भोळी मी. आम्ही वॉर्डात परतलो तेव्हा दोन माणसं कूलर उचलून नेत होती. भिंतीवर सूचना चिकटवलेली होती: रुग्णांनी बेड बदलू नये. पट्ट्या होत्या तिथंच, लोखंडाला. काढली ती तेवढी गार हवा, आणि नोकरीवरून ती पोरगी. मी त्या सूचनेपुढं उभी राहून काय काय बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही.

संध्याकाळी दुसरी सिस्टर ट्रॉली घेऊन आली. फुलंब्रीची बाई आपल्या कॉटवर, भिंतीकडे, उसळत्या उकाड्यात पडलेली. आल्यापासून ती डॉक्टरांना, सिस्टरला, झाडूवालीलाही फक्त ‘व्हय’ म्हणत आलेली. सुईलाही व्हयच म्हणाली असणार. सिस्टरनं लोखंडावरची पट्टी स्कॅन केली, कप्पा उघडला, हिरवी खूण आली. तिनं इंजेक्शन भरलं आणि बाईचा दंड धरला.

बाईनं हात काढून घेतला आणि पदराखाली घातला.

“आधी माझं नाव इचारा,” ती म्हणाली.

“मावशी, बरोबर आहे, हिरवं आलंय. उशीर झाला तर लाल होईल.”

“व्हऊ द्या लाल. नाव इचारा.”

सिस्टर थांबली. तिनं वॉर्डभर नजर फिरवली. समोरच्या कॉटवरच्या म्हातारीनं हात पदराखाली घेतला होता. तिच्या पलीकडचीनंही. आईनंही.