भागामायची चवळी

मंगलबाईंनी पातेल्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि मला दरदरून घाम फुटला. आत चवळी होती. फुगलेली, कणीएवढे मोड आलेली.

"ही कुठली?"

"स्टोअरमानी, सर. पत्राना डबामा व्हती. राख लागेल व्हती, म्हनीसन तीनदा धुयी."

मंगलबाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. शुक्रवारी मोड आलेल्या कडधान्याची उसळ असते. सरकारी चवळी संपली होती. त्यांनी स्टोअरमध्ये शोधलं, डबा सापडला, गुरुवारी दुपारी भिजत घातली. त्यांच्या बाजूने सगळं बरोबर होतं.

आमची शाळा शहादा तालुक्यात, कळसाडीच्या पुढे, पहिली ते सातवी. मी पिंजारी सर, मुख्याध्यापक. छोट्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे वर्ग शिकवणारा, फोटो पाठवणारा आणि किल्ली सांभाळणारा एकच माणूस. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मार्चमधलं वार्षिक प्रकल्प प्रदर्शन होतं. सातवीच्या वैष्णवीने विषय घेतला होता घरच्या बियाण्याचा. घरचं बियाणं म्हणजे दुकानातून न आणता आपल्याच पिकातून पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेलं. आमच्या गावात सगळा कापूस आणि ऊस. असं बी आता दोन-चार म्हाताऱ्यांकडेच उरलंय. पोरीने महिनाभर घरं पालथी घातली.

त्यातली ही चवळी भागामायची. भागामाय गावातली सगळ्यात म्हातारी. कापसाच्या बांधावर दरवर्षी दोन ओळी लावायची. यंदा रानडुकरांनी बांध उकरला, हाती लागली ती एवढीच डबाभर. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. तरी तिने अख्खा डबा दिला, कारण घरात उंदीर फार आणि वैष्णवीने सांगितलं होतं की शाळेत कुलपाची खोली आहे. ती खोली म्हणजे धान्याचं स्टोअर. बाकीच्या खोल्यांच्या कड्या केव्हाच तुटल्यात.

मंगलबाई घाबरल्या होत्या, पण गप्प बसल्या नाहीत. "सर, मी वाची लेस. चिठ्ठी ऱ्हाती ते मी हात लावती का?"

चिठ्ठी होती. वैष्णवीने प्रत्येक डब्यावर आपल्या हाताने लिहून चिकटवली होती. या डब्यावर लिहिलं होतं, 'भागामायनी चवयी. खावानी नई.' पण त्याच आठवड्यात, सोमवारी, केंद्रप्रमुखांचा फोन आला होता. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब.

"पिंजारी सर, बियाण्यांचा प्रोजेक्ट चांगलाय. पण लेबलं छापील पाहिजेत. फोटोत उठून दिसलं पाहिजे."

"हो सर, करून घेतो."

साहेब फक्त छापील म्हणाले होते. भाषा प्रमाण हवी, ही भर माझी. चिठ्ठ्या मीच काढायला लावल्या. छापील लेबलं शहाद्याहून शुक्रवारी यायची होती.

आता काय करायचं? मी मंगलबाईंना पातेलं झाकून ठेवायला सांगितलं. त्या दिवशी पोरांना नुसती खिचडी मिळाली. लेबलं आणायच्या निमित्ताने मोटरसायकल काढली, बाजारात चार दुकानं हिंडलो आणि जवळात जवळ दिसणारी चवळी अर्धा किलो घेतली. शाळेत येऊन डब्यात भरली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात तशी चुलीतली राखसुद्धा चोळली. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस मी. तरी हात थांबले नाहीत.

दोन वाजता वैष्णवी लेबल लावायला आली. डबा उघडला, चार दाणे तळहातावर घेऊन पुसले.

"सर, ही भागामायनी नई शे. मायनी चवयीना डोया लाल शे. हिना काया."

मी म्हणालो, राखेने तसं दिसत असेल. तिने आणखी चार पुसले. मग ते दाणे माझ्यापुढे धरले. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. मी तिला स्वयंपाकखोलीत नेऊन पातेलं दाखवलं. ती रडली नाही.

"मी तिले सांगेल शे, शाळामा कुलूप शे."

मी मंगलबाईंना हाक मारली. पातेलं उचललं आणि आम्ही तिघं भागामायच्या घरी निघालो. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तिने सगळ्या गावाला सांगितलं तर, साहेबांपर्यंत गेलं तर, या पोरीला पुन्हा कुणी काही दिलं नाही तर. 

भागामाय ओट्यावर बसली होती. मी सांगायला लागलो. लेबलाचं सांगितलं, बाजारातल्या चवळीचंही सांगून टाकलं. तिने पातेल्यात हात घातला, एक दाणा डोळ्याजवळ धरला.

"मन्ही सासूनं बी शे हाई, मास्तर."

"चुकलं माय. माझीच चूक आहे."

"ते माले समजनं." तिचा आवाज चढला. "पन मोड येल शेतस, आनि तू आठे बोली ऱ्हायना? भिजेल बी कोनी वाट देखत नई. चाल, पेर."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ती काठी घेऊन आमच्या पुढे चालत शाळेत आली. स्वयंपाकखोलीच्या मागे पोरांच्या हात धुण्याचं पाणी जातं, तिथली जमीन तिने काठीने दाखवली. सातवीच्या वर्गाने वाफे केले. मोड खाली राहील असा एकेक दाणा लावायचा, वरून मूठभरच माती. कुणी दाबून लावला की काठी वाजायची. शाळा सुटेपर्यंत पातेलं रिकामं झालं.

शनिवारी प्रदर्शनात नऊ बरण्या आणि एक रिकामा डबा होता. साहेबांनी विचारलं, "यात काय?" वैष्णवीने सगळं सांगितलं, पालकांसमोर, लेबलासकट. साहेबांनी त्या डब्याचा फोटो काढला नाही. भागामाय पुढच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती.

खरी धाकधूक पुढे होती. मे महिन्याची सुट्टी लागली की हात धुणारी पोरं नाहीत, म्हणजे पाणी नाही. वैष्णवीने घरांच्या पाळ्या लावल्या. पाळीचं घर लग्नाला गेलं की मंगलबाई घागर आणायच्या. उन्हाने तिसरा हिस्सा जळाला. एकदा शेळ्या शिरल्या, त्या दिवशी मी नंदुरबारला ट्रेनिंगमध्ये होतो आणि फोनवर बातमी ऐकून मला जेवण गेलं नाही. रोज सकाळी उठलो की आधी तीच चवळी आठवायची.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात शेंगा वाळल्या. भागामायने स्वतः सोलल्या. डबा भरला नाही, चार बोटं कमी राहिला. तिने राख चोळली आणि अर्धी चवळी दुसऱ्या बरणीत ओतून माझ्यासमोर सरकवली.

"एक घर बी ठेवाले नको. आते दोन जागे ऱ्हावू दे."

"माय, शाळेत? पुन्हा?"

"तुन्हाकडथाईन आते चुकाव नई."

वैष्णवी आता आठवीला दुसऱ्या शाळेत जायची, पण शेंगा सोलायला आली होती. तिने कंपासपेटीतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. मी काढायला लावलेली, तिने जपून ठेवलेली. डिंक माझ्या टेबलावर होता. मी स्वतः लावली. 'भागामायनी चवयी. खावानी नई.'

आणि बाजारातली ती अर्धा किलो काळ्या डोळ्यांची चवळी? तिची प्रदर्शनानंतरच्या शुक्रवारीच उसळ झाली. शिजवण्याआधी मंगलबाईंनी मला तीनदा विचारून घेतलं.