एक फॉर्मा कमी

माझ्या भावाच्या घरात पुस्तकांचं एक कपाट आहे. त्या कपाटापायी आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीच्या तुकड्यावरूनही कुणाची झाली नसतील.

दादा बाइंडर आहे. सहावीत शाळा सुटली आणि तो बाइंडिंगच्या कारखान्यात चिकटला, त्याला आता तीस वर्षं होतील. छापून आलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. असे दहा-बारा फॉर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, वर पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. पुठ्ठा चढवणं हे दादाचं काम. पुस्तक हातात आलं की तो पाठ दाबून बघतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि बाजूला ठेवून देतो. आत काय लिहिलंय याच्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. लहानपणी आमच्या घरात वाचायला सवड होती कुणाला?

म्हणूनच आपल्या मुलीनं वाचलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मुलगी एकुलती एक, अकरा वर्षांची. तिला सगळे बिट्टी म्हणतात. तिच्या जन्मापासून दादा कारखान्यातून पुस्तकं आणतोय. बिघडलेली पुस्तकं मालक कामगारांना घरी नेऊ देतो. कुणाचं मुखपृष्ठ तिरकं, कुणावर डाग, कुणाच्या कडा वाकड्या कापलेल्या. दादा ती आणून उसवायचा, नव्यानं शिवायचा, कापडी पाठ लावायचा, आत खुणेसाठी रेशमी फीत चिकटवायचा. दुकानातली पुस्तकं त्यांच्यापुढे केविलवाणी दिसावीत. अशी साठ-सत्तर झाली. त्यांच्यासाठी कपाटही त्यानं स्वतःच ठोकलं.

आणि बिट्टी वाचेना.

मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते. दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, आणि घरी आले की चहा खाली दादाकडेच घेते. त्यामुळे हा तमाशा मी रोज पाहिलाय. सहा वाजले की दादा टीव्ही बंद करायचा, सगळ्यांचे फोन कपाटावर ठेवायचा आणि म्हणायचा, "चला, वाचन." बिट्टी पुस्तक उघडून बसायची. दादा समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला. वहिनी बिचारी आत भांडीसुद्धा हळू ठेवायची. अर्धा तास घरात खोकायची चोरी. पोरगी दर तीन मिनिटांनी एक पान उलटायची, अगदी घड्याळ लावल्यासारखं. पंख्याच्या वाऱ्यानं याहून जास्त मन लावून उलटली असती पानं.

वेळ संपली की ती फीत दहा पानं पुढे सरकवायची आणि खेळायला पळायची. फीत पुढे गेलेली बघून दादा खूश. पोरगी आमच्या डोळ्यांत धूळ फेकतेय हे मला दिसत होतं, पण मध्ये कोण पडणार?

एका संध्याकाळी दादानं विचारलं, "सांग बघू, आज काय वाचलंस?"

"कालचंच."

"कालचंच म्हणजे?"

"काल जे होतं तेच आज होतं."

दादाचा पारा चढला. "बापाची चेष्टा करतेस? इथे मी हाडं झिजवून पुस्तकं आणायची, आणि तू तोंड वर करून असं बोलायचंस?" मीही आगीत तेल ओतलं. म्हटलं, "बिट्टे, सरळ उत्तर द्यायला काय होतं गं तुला?" मी असं बोलले याची मला अजून लाज वाटते. कारण त्या कपाटातलं एकही पुस्तक मी कधी उघडून पाहिलेलं नव्हतं.

बिट्टीनं पुस्तक टेबलावर आपटलं. पान अठ्ठेचाळीस दाखवलं, आणि त्याच्या समोरच होतं पान तेहतीस. तिथून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळं पुन्हा, शब्दन् शब्द. मग ती उठली आणि कपाटातून एकेक पुस्तक काढून आमच्यासमोर टाकत सुटली. "यात चौसष्टनंतर एक्याऐंशी आहे. याला शेवटच नाही. यात मध्येच शिवणकामाच्या पुस्तकाची पानं आलीत."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं होतं, दुसरीत असताना. बाबा म्हणाले, पुढचं वाच."

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता याच्या पायाखालची जमीन सरकेल. कसलं काय! त्याला सगळं ठाऊक होतं.

"बिघडलेल्या मालात एखादा फॉर्मा इकडेतिकडे असायचाच," तो म्हणाला. "बारा फॉर्म्यांचं पुस्तक. एक नसला तर अकरा आहेत ना? ते अकरा झाले का वाचून?"

मी कपाळावर हात मारला. "दादा, आमच्याकडे पुढचा दात पडलेली माणसं येतात. त्यांना सांगू का मी, बाकीचे एकतीस आहेत ना, मग चावा की?"

"चावता येतंच की!"

या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं असं वाटलं मला. बिट्टी रडत आत गेली. तेव्हा वहिनी बाहेर आली. ती सहसा काही बोलत नाही. हात पुसत म्हणाली, "अहो, आता तुम्हीच वाचा यातलं एक. पहिल्या पानापासून. ते होईपर्यंत पोरीला वाच म्हणायचं नाही."

दादा हट्टाला पेटला. समोर पडलेलं हिरव्या पाठीचं पुस्तक उचलून दुसऱ्या दिवशी सहा वाजता स्वतः खुर्चीत बसला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. एक पान व्हायला त्याला इतका वेळ लागला की माझा चहा संपला, तरी त्यानं ते उलटलं नव्हतं. मी त्याची सख्खी बहीण, एका घरात वाढलो आम्ही, आणि मला हे माहीत नव्हतं.

तीन आठवडे तो वाचत होता. गोष्ट एका बहीण-भावाची. ती दोघं बंद पडलेल्या गिरणीत शिरतात आणि बाहेरून कुणीतरी दार लावून घेतं. दादा आता मला जिन्यात गाठायला लागला. "कुणी लावलं असेल गं? मला त्यांच्या काकाचाच संशय आहे." शहाण्णव पानं झाली. सत्त्याण्णव कुठेच नव्हतं, एकदम एकशे तेरा. तिथे दोघं घरी होती, भावाचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, आणि घरातलं कुणीही काकाशी बोलत नव्हतं.

"काकानं काय केलं?" दादा एवढ्यानं ओरडला की वहिनीच्या हातातला डबा पडला. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं, पाठ दाबून पाहिली, फॉर्मे मोजले. "अरे, पण त्यानं केलं काय? पाय कसा मोडला पोराचा?"

बिट्टी दारात उभी होती. तिनं हसायला हवं होतं, तो तिचा हक्कच होता. पण ती नुसती म्हणाली, "मला पण नाही कळलं. मी तिसरीत वाचलं होतं हे."

दादानं मान खाली घातली. पोरीकडे बघायची सोय राहिली नव्हती त्याला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं जुन्या मालाचे ढीग उपसले. त्या पुस्तकाचे उरलेले फॉर्मे कधीच रद्दीत गेले होते. मालक हसला, म्हणाला, "तुला कधीपासून वाचायचं खूळ लागलं?" दादा घरी आला तो धुसफुसतच. "हजारभर प्रती गेल्या माझ्या हातांखालून, एकीतसुद्धा डोकावलो नाही मी!" हा राग तो कुणावर काढत होता हे घरात सगळ्यांना कळत होतं.

शनिवारी त्याच पुस्तकाची धड प्रत घ्यायला तो पुस्तकांच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा. मुखपृष्ठाकडे न बघता तो तिथेच उभा राहून अंगठ्यानं फॉर्मे मोजायला लागला, तेव्हा दुकानदाराला वाटलं, हा कुठल्यातरी खात्याचा तपासनीस असावा. बारा भरले तेव्हाच त्यानं ते घेतलं. घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. "काय ही शिलाई! महिन्याभरात पानं हातात येतील. आण इकडे, उसवून नीट शिवतो."

"आधी मी वाचणार," बिट्टी म्हणाली, आणि पुस्तक घेऊन खुर्चीत पाय वर करून बसली. मधलं बरंच विसरली होती, म्हणून तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. सहा वाजायची वाट तिनं पाहिली नाही.

चौथ्या दिवशी मी खाली गेले तर जेवण वाढून ठेवलेलं आणि टेबलावर कुणीच नाही. वहिनीनं दोनदा हाक मारली, मी एकदा ओरडले. पोरगी खुर्चीत, आणि माझा भाऊ तिच्या मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून वाचत होता. पान सत्त्याण्णव. बिट्टीनं ते भराभर संपवलं आणि उलटलं.

"थांब ना," दादा म्हणाला.

तिनं मान वळवून वर पाहिलं. "बाबा, तुमचं नाही झालं?"

दादाचा चेहरा उतरला. "होतंय... तू वाच. मी नंतर वाचेन."

मग तिनं उलटलेलं पान परत मागे आणलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे आहात?"

"नाही. त्याच्या वर."

तिनं बोट एक ओळ वर नेलं.