खुर्चीमागची खुर्ची

राजीनामा दिला की आमच्या कंपनीत माणसाला लगेच सोडत नसत. आधी त्याची सावली तयार करत. हे मी चेष्टेने म्हणत नाही, त्या टप्प्याचं नावच ‘शॅडो’ होतं. तुमच्या जागी येणारं माणूस तुमच्या मागे खुर्ची टाकून बसतं, तुमचा प्रत्येक कॉल ऐकतं, तुम्ही काय टाइप करता ते बघतं आणि तोंड उघडत नाही. काही आठवड्यांनी सगळं उलटं होतं. ते पुढच्या खुर्चीत बसून तुमचं काम करतं आणि मागे गप्प बसायची पाळी तुमच्यावर येते. याला ‘रिव्हर्स शॅडो’ म्हणत. मी स्वतः या रीतीने बऱ्याच जणांना निरोप दिला होता आणि त्यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

मी खराडीच्या एका ऑफिसात आयटी कन्सल्टिंग करत होते. नाव भारदस्त, काम साधं. परदेशातल्या एका विमा कंपनीचं क्लेमचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. क्लायंट म्हणणार, हे करून द्या. आम्ही म्हणणार, हो सर. स्ट्रॅटेजीवाल्यांना मात्र क्लायंट विचारतो, आता काय करू? मला तो प्रश्न हवा होता. एमबीए नसताना तुला तिथे कोण उभं करणार, हे सगळ्यांनी ऐकवून झालं. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. मी हट्टाने तिथल्या मुलाखतीची तयारी करत राहिले; त्यात काल्पनिक कंपन्यांच्या अडचणी सोडवायला देतात. मंडईत भाजी घेतानाही मनातल्या मनात कुठल्यातरी काल्पनिक दूध कंपनीचा तोटा भरून काढत असायचे आणि आई म्हणायची, आधी कोथिंबिरीकडे बघ, ती पिवळी आहे. शेवटी एका स्ट्रॅटेजी कंपनीने होकार दिला. मी त्याच दिवशी राजीनामा टाकला.

माझ्या जागी येणारी मुलगी विदर्भातली होती, वाघोलीला मैत्रिणींबरोबर राहायची. माझ्यापेक्षा बरीच लहान, अंगाने बारीक, आवाज तर नसल्यासारखाच. पहिल्या दिवशी खुर्ची सरकवत, माझ्या स्क्रीनवरच्या क्लेमच्या एका नियमाकडे बोट दाखवून तिने विचारलं, “मॅडम, हा नियम असा काहून आहे?” मी म्हटलं, कारण तो असा आहे. एखाद्याने रागावून विषय सोडला असता. तिने मान डोलावली, जणू मी फार मोलाचं काहीतरी सांगितलं होतं.

आधी तिचं ‘काहून’ गेलं. मग ती माझ्यासारखी वाक्याच्या शेवटी थांबायला लागली, समोरच्याला अवघडायला पुरेल इतकं. एका कॉलवर टेस्टिंगवाल्यांना म्हणाली, सावकाश करा, क्लायंटला काही घाई नाही, फक्त त्याचं नुकसान होतंय. हे माझं बोलणं होतं. शब्द तिचे होते, पण बोलणं माझं होतं. सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, पोरगी हुशार आहे.

मग एके दिवशी माझा घसा बसला म्हणून मी वारज्याच्या घरून काम करत होते. उलट टप्पा सुरू झाला होता, त्यामुळे मला बोलायचं नव्हतंच. माइक बंद करून मी नुसती ऐकत होते आणि लॅपटॉपमधून ती क्लायंटच्या माणसांशी बोलत होती. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “घसा बसलाय ना? मग किती बोलतेस?”

आवाज थांबला नाही. आई रागावून बाहेर आली. तिने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं. आवाज चालूच होता आणि तो इंग्रजीत बोलत होता, तरी आईला तो तिच्या मुलीचा वाटला होता. गॅसवर दूध आहे म्हणत ती आत गेली आणि कॉल संपेपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच आठवड्यात नव्या कंपनीची मेल आली. बाजार मंदावल्यामुळे रुजू होण्याची तारीख पुढे ढकलत आहोत, नवी तारीख कळवू. कधी, ते लिहिलं नव्हतं. म्हणजे इथली खुर्ची सुटत होती आणि तिथली मिळत नव्हती. मी मॅनेजरकडे गेले आणि राजीनामा मागे घेता येईल का, असं लाज बाजूला ठेवून विचारलं. माणूस भला होता. तो म्हणाला, शेवटच्या कॉलला क्लायंटचे क्लेमप्रमुख असतील. त्यांना फरक जाणवला आणि त्यांनी तुलाच ठेवा म्हटलं, तर वर बोलायला मला जागा राहील.

मला हायसं वाटलं, कारण त्या म्हाताऱ्याला माझी ओळख होती. आम्ही एकमेकांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, पण नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा ऑफिसच्या एका रिकाम्या खोलीतून त्यांच्याशी फोनवर एकटीने बोलले होते. त्यांना क्लेम लवकर निकाली काढणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी सांगितलं, सॉफ्टवेअरने काही होणार नाही. तुमची माणसं बारीकसारीक क्लेमसुद्धा दोनदोनदा तपासतात, ते थांबवा. मला कोणी हे बोलायला सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, बरोबर आहे. स्ट्रॅटेजीचं खूळ माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं.

शेवटच्या कॉलला ती पुढच्या खुर्चीत होती आणि मी मागे. तिची वेणी मला दिसत होती, चेहरा नाही. ती चुकावी अशी मी मनापासून इच्छा करत होते. बोलता बोलता क्लेमप्रमुखांनी विचारलं, लहान क्लेम दोनदा तपासायचा नियम आपण मुळात का बदलला होता? मी पुढे सरकले. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि मी तिला सांगितलंही नव्हतं.

तिने तो सगळा प्रसंग सांगितला. ‘मी’ म्हणून सांगितला. वर हसून म्हणाली, त्या दिवशी माझे पाय इतके थरथरत होते की चपला काढून मी गार फरशीवर उभी राहिले होते.

मी खरंच तशी उभी होते. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितलेली नाही.

क्लेमप्रमुखही हसले. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता. तुझा आवाज कापत होता, ते म्हणाले, म्हणून तर मी ऐकून घेतलं.

कॉल संपल्यावर मी तिची खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, चपलांचं तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, तुम्हीच ना. मी म्हटलं, मी कधीच नाही. तिने आठवून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिचा पहिल्या दिवशीचा बारीक आवाज परत आला.

“मॅडम,” ती म्हणाली, “मग मला ते आठवून काहून राहिलं?”

मला तिचा राग यायला हवा होता. पण ती माझ्याइतकीच घाबरली होती. मी तिला पाणी आणून दिलं. संध्याकाळी मॅनेजरने क्लायंट अगदी खूश असल्याचं सांगितलं आणि माझ्या निरोपाचे कागद सहीसाठी पुढे केले.

त्यानंतर मी घरी बसून होते. आई मुद्दाम काही विचारत नसे, त्याचाच त्रास जास्त व्हायचा. पावसाळा संपता संपता नव्या कंपनीतल्या एका वरिष्ठांचा फोन आला. माझ्यासारख्या थांबवून ठेवलेल्यांपैकी थोड्यांनाच घेणार होते आणि त्याआधी प्रत्येकाशी पुन्हा बोलणार होते. बाकीचे सगळे एमबीए. त्यांनी विचारलं, तुम्ही एखाद्या क्लायंटचं मत बदलल्याचा प्रसंग सांगा.

माझ्याकडे एकच प्रसंग होता. मी तो सांगायला लागले आणि ती खोली डोळ्यांपुढे आली. गार फरशीवर ती मुलगी अनवाणी उभी होती आणि बोलत होती. मी तिच्यामागे खुर्चीत बसले होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तोंड मिटून. मी जे बघत होते ते सांगत गेले. काही चुकलं नाही.

“ते गप्प होते तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?” त्यांनी विचारलं.

मी शोधलं. काही सापडलं नाही. मला फक्त तिची पाठ दिसत होती. मग मी काहीतरी रचून सांगितलं. ते त्यांना आवडलं आणि मला घेतल्याचं त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

आईने देवापुढे साखर ठेवली. मी गॅलरीत जाऊन त्या मुलीला फोन लावला आणि नोकरीचं काही न सांगता विचारलं, त्या दिवशी म्हातारा गप्प होता तेव्हा मनात काय चाललं होतं?

कोणाच्या मनात, असं तिने विचारलं नाही.

“हा आत्ता नाही म्हणाला, तर मी जन्मभर ‘हो सर’च म्हणत राहणार,” ती लगेच म्हणाली. “एवढंच चाललं होतं.”

ते खरं होतं. मला आठवत नव्हतं, पण ते खरं आहे एवढं मला कळलं.