नवाईचे पान

"तोंड काय सांगस ते ऱ्हाऊ द्या. ताट काय सांगस ते देखो," असे म्हणत आमची मावशी जेवणे झाल्यावर एकेका मुलाचे ताट उचलायची आणि दाराच्या उजेडात तिरपे धरायची. भाकरीचा काठ सोडणाऱ्याला घर आठवते आहे. डाळ तशीच ठेवणाऱ्याचे पोट बिघडले आहे. एखादे ताट अगदी चाटूनपुसून स्वच्छ असले की म्हणायची, "ह्याले अजून आर्धी पायजे व्हती. लाजना." दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात न मागता अर्धी जास्त पडायची.

तळोद्याच्या त्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करायची. तिचे नाव आम्ही कधी विचारले नाही. मुले मावशी म्हणायची, गृहपती "अहो बाई" म्हणायचे. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, मागच्या गल्लीत एक खोली. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या कुठे आणि काय जेवतात, ते आपण पाहत नाही.

मी मोलगीच्या पलीकडच्या डोंगरातला. जंगलखात्याचा माणूस आला की त्याच्याशी बोलायला घरात एकाला तरी मराठी यावी, म्हणून बापाने मला खाली आणून सोडले. आज लोकांना ते नुसते दोन दिवसांच्या चालीचे अंतर वाटेल. मला मात्र तो परदेश होता. मास्तर मराठी बोलायचे, गाव अहिराणी बोलायचे आणि माझी भिली कोणालाच नको होती. पहिल्या दिवशी डाळीवर तेल तरंगताना पाहिले तेव्हा मला वाटले, बाईंच्या हातून दिवा कलंडला. आमच्याकडे अंबाडीची भाजी पाण्यात शिजते. मिरचीने तर माझे कान बंद झाले. पोरे हसली. मावशी हसली नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवून म्हणाली, "हासा नका रे. तुम्हना कानबी असाच वाजनात पहिले."

हळूहळू खायला शिकलो, बोलायलाही शिकलो. मग दसऱ्याचे दिवस आले आणि मावशीने मोठ्या कौतुकाने नव्या बाजरीची भाकरी केली. "नवी शे, गोड लागी," म्हणत प्रत्येकाच्या ताटात टाकत गेली.

मी हात लावला नाही.

आमच्याकडे नवे धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना वाढायचे, मग आपण खायचे. त्या पूजेला नवाई म्हणतात. गावागावाची नवाई वेगळ्या दिवशी होते; पुजारा ठरवील तेव्हा. ती होण्याआधी घरातल्या कोणी नवे खाल्ले तर आजार येतो, गुरे मरतात, असे आम्ही पक्के धरून चाललेलो. बोर्डिंगात डोंगरातली आणखी दोन मुले होती, पण त्यांच्या गावांची नवाई होऊन गेली होती. आमचा पुजारा आजारी होता. माझी धाकटी बहीण त्या वर्षी नुकती चालायला लागली होती. मी इथे एक घास खायचा आणि तिथे ती आजारी पडायची, असे माझ्या डोळ्यांसमोर येई.

मावशीने ताट उचलले. ते भरलेले होते. "हाई ताट तं काहीच सांगत नही," ती म्हणाली आणि माझ्यापुढे बसली. मला सांगता येईना, रडू आले. त्या दोघांपैकी एकाने तिला समजावून सांगितले. तिने कपाळावर हात मारला.

"मंग जुनं खाय ना! डोयामा पानी काबरं?"

ती घरी गेली आणि ओच्यात स्वतःची मागच्या वर्षीची ज्वारी घेऊन आली. त्या दिवसापासून माझी भाकरी वेगळी. काही दिवसांनी पाहिले, तर तीही तीच जुन्या ज्वारीची भाकरी खात होती, नवी बाजरी टोपलीत असताना. मी विचारले, "मावशी, तुमची नवाई नाही ना?"

"एकलासाठे पीठ मळानं मन्हा जीववर येस," ती म्हणाली. "दोनसाठे मळं तं हात बरा चालस."

दर बाजाराला ती डोंगरातून आलेल्या माणसांच्या रांगेत फिरायची. माझ्या गावाचे नाव घेऊन विचारायची, "नवाई व्हयनी का?" त्यांना तिची बोली कळायची नाही, तिला त्यांची, पण तो एक शब्द दोघांकडे होता. परत येऊन मला सांगायची, "नही रे भो. तुन्हा देव आजून भुक्याच शे." पोरे आता मला चिडवायची, "तुझ्या देवाला सांग, लवकर जेव म्हणावं."

पण जुनी ज्वारी आणि तिच्या ओळखीच्या घरांतले जुने धान्य दोन्ही संपत आले. गृहपती वाईट नव्हते. त्यांना भीती होती मुलगा उपाशी मरेल याची. त्यांनी मला बोलावले. "हे बघ, इथे राहायचं तर इथलं खायचं. येत्या बाजारापर्यंत खाल्लं नाहीस तर तुझ्या गावच्या माणसांबरोबर तुला परत लावून देतो."

खाल्ले तर बहीण, न खाल्ले तर शाळा. मी दोन्हीला घाबरलो. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. बाजाराचा दिवस आला, सकाळी चूल पेटली नव्हती.

ती कुठे गेली ते कोणाला माहीत नव्हते. गृहपतींच्या पत्नीने पाळीपाळीने मुलांकडून खिचडी करून घेतली. ती करपायची. "तुझ्या देवानं आमची मावशी पळवली," मुले म्हणायची. या वेळी त्यात चेष्टा कमी होती. या गोंधळात मला परत पाठवायचे राहून गेले. बाजारातले मागच्या सालचे फुटाणे खाऊन मी दिवस काढले. माझ्यामुळे ती काम सोडून गेली, असेच मी धरले होते.

ती आली ती सहाव्या दिवशी दुपारी, एका बैलगाडीतून उतरून. पाय सुजलेले. कमरेला पळसाच्या पानांची पुडी. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "व्हयनी. खाय आते. तुन्ही मायनी देयल शे."

पुडीत नव्या मक्याची भाकरी होती. वाळून कडक झालेली. मी खाल्ली. माझ्या आईचा हात मला त्या भाकरीच्या जाड काठावरून ओळखू आला.

"बाई, एवढं चालत गेलात?" गृहपती म्हणाले. "पाय बघा तुमचे."

"चालीसन नही सुजनात," ती म्हणाली. "नाचीसन. रातभर ढोल. ह्यान्ही मायनी हातच सोडा नही."

मी विचारले, तुम्ही दोघी बोललात काय? "काय बोलसूत? ती मन्हा तोंडकडे देखे, मी तिन्हा. तिनी हातवरी इचारं, पोऱ्या खास का? मी मान हालाडी. मंग ती रडनी. मंग तिनी माले वाढं."

गल्लीतल्या एका बाईने नाक मुरडले, "तठे जेवण करं का मावशी तुनी? भिलास्ना घर?"

"भूक लागनी व्हती," मावशी म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

बहीण बरी होती, हेही तिने सांगितले. हाताने उंची दाखवून.

तीन वर्षांनी बापाचा पाय मोडला आणि माझी शाळा सुटली. चार इयत्ता झाल्या. तेवढ्या मराठीवर मला सुरतेकडच्या एका कापसाच्या जीनमध्ये काम मिळाले. अजून तिथेच आहे, गुजराती माणसांत. सुगीला नवे काही ताटात आले की अजून हात जरा थांबतो. नवाईला मात्र रजा काढून घरी जातो. जाताना तळोद्यात उतरून तिला भेटायचो. ती ताट वाढायची आणि मग उजेडात धरून पाहायची.

एका वर्षी उतरलो तर चुलीपाशी दुसरी बाई होती. मावशी उन्हाळ्यात गेली, असे तिने सांगितले. आजारी फार दिवस नव्हती. खोलीत आता कोणी दुसरे राहते.

डोंगर चढताना आईला कसे सांगायचे याचाच विचार करत होतो. कारण मावशी येऊन गेली त्या वर्षापासून आई नवाईच्या पंगतीत एक पान जास्त मांडायची. आम्ही सगळे बसायचो, माझ्या शेजारी ते पान. मी शाळेत असताना माझे रिकामे पान मांडत होती, तसेच तिचे.

त्या संध्याकाळी आई पाने मांडत होती तेव्हा मी सांगितले. तिने माझ्या शेजारचे पान उचलले आणि घरातल्या खांबाशी, जिथे आमच्या मेलेल्या माणसांना आधी वाढतात, तिथे नेऊन आजीच्या पानाला लागून ठेवले. नवी भाकरी मोडून तिच्यावर अंबाडीची भाजी घातली. मग आम्ही सगळे हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, ती माणसे जेवेपर्यंत.