लेकरू ठेवायचं कुठं?

आमच्या लॅबमध्ये दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी लेकरांचे किस्से बाहेर पडतात. जालना एमआयडीसीतली बियाण्यांची कंपनी, अन् लॅबमध्ये आम्ही सगळ्या बायकाच. काम एकच, बी उगवतं का न्हाई ते बघायचं. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, उबदार खोलीत उभी ठेवायची अन् कोंब आले की मोजायचे. कोणत्या बियाला किती ऊब लागते ते आम्हाला झोपेतून उठवून विचारा! फक्त आपलं लेकरू दिवसभर कुठं ठेवायचं, हे आमच्यातल्या एकीलाही अजून कळलेलं न्हाई. किस्से सांगताना आम्ही लई हसतो. मंग कुणीतरी घड्याळाकडं बघतं, अन् सगळ्या डबे बंद करतात.

माझी परी सहा महिन्यांची झाली, सुट्टी संपत आली, अन् या किश्श्यांत माझीही भर पडायला लागली.

*

पहिला फोन सासूबाईंना, तीर्थपुरीला. म्हटलं, "आई, सोमवारपासून कंपनी सुरू. तुम्ही येऊन राहता का जालन्याला?"

"आले असते गं," सासूबाई म्हणाल्या, "पण म्हशीचं कोण करंल? दुसऱ्याच्या हाताला लागत न्हाई ती. मागं लग्नाला गेल्ते, तर वैरणीला तोंड लावलं न्हाई बिचारीनं."

"मंग परीला पाळणाघरात ठेवू का?"

"ठेव की! लेकराला काय कळतंय? रुळतंय ते बराबर."

मी फोन ठेवला अन् नवऱ्याला सांगितलं, "पुढच्या जन्मी तुमच्या घरी सून म्हणून न्हाई, म्हैस म्हणून येते!"

*

नवरा, म्हणजे संदीप, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. रात्रपाळी. तो म्हणाला, "मी दिवसा घरीच असतो की! पाळणाघराची थेरं कशाला?"

म्हटलं, बघू तुझी ट्रायल. परीला त्याच्या शेजारी झोपवलं अन् बाजारात गेले. मिलच्या दणदणाटात रात्र काढून आलेला माणूस तो, पोरीचं रडणं त्याला काय ऐकू जाणार! परत आले तर संदीप बनियनवरच गल्लीत धावून राह्यला. "परी कुठंय? परी न्हाई घरात!"

मी हातातली पिशवी तिथंच टाकली. तेवढ्यात समोरच्या घरातून नसरीन खाला बाहेर आल्या. कामावर जाणाऱ्या आयांची चार लेकरं त्या घरातच सांभाळतात. परी त्यांच्या खांद्यावर, एकदम शांत.

"इधरीच है," खाला म्हणाल्या. "कित्ता रोई बच्ची! दरवाजा खुल्लाच था, उठा के लाई."

संदीप चिडला. "अहो खाला, मला उठवायचं ना!"

"उठाई ना बेटा! हिला हिला के उठाई. तुम बोले, 'पीछे हटो, माल गरम है!'"

*

मंग डे-केअर सेंटर बघायला गेलो. मेन रोडला नवीनच निघालंय. भिंतीवर जिराफ, खाली मऊ मॅट, एसी, अन् वर कॅमेरा. दिवसभर लेकरू मोबाईलवर दिसतं! मॅडमनी सगळं फिरून दाखवलं अन् शेवटी म्हणाल्या, "युनिफॉर्म कंपल्सरी आहे. अन् ब्लॅक शूज."

मी म्हटलं, "मॅडम, पोरगी अजून बसत पण न्हाई."

"नो प्रॉब्लेम. शूज ती बसायला लागल्यावर आणा!"

हसू नका. खरं सांगते, मला सेंटर आवडलं होतं. गेटला कुलूप होतं. एक बाई आजारी पडली तर दुसरी होती. खालांना ताप भरला तर मी पोरगी कुणाच्या दारात नेऊ? पण सेंटरमध्ये खालांचा खांदा न्हाई. डोकं फुटायची वेळ आली. संदीपला विचारलं तर म्हणाला, "तुला योग्य वाटंल ते कर." म्हणजे चुकलं तर माझं चुकणार!

*

आमच्या मनीषाचा आरुष त्याच सेंटरमध्ये आहे. मनीषा लॅबमध्ये मोबाईल ट्रेला टेकवून ठेवते. एक कोंब मोजला की एक नजर मोबाईलवर. कॅमेऱ्यात आवाज येत न्हाई, नुसतं चित्र.

मी सुट्टीवर होते तेव्हाची गोष्ट, लॅबमधल्या बायकांनी मला फोनवर सांगितलेली. एक दिवस ती भलती खुशीत होती. "बघा गं, कसा झोपलाय शहाणा! अन् उठल्यावर बघा, कसा खेळून राह्यला!" सगळ्यांनी पाळीपाळीनं बघितलं. त्या दिवशी तिनं कितीतरी दिवसांनी पूर्ण डबा खाल्ला.

संध्याकाळी आणायला गेली तर सेंटरच्या मावशी म्हणाल्या, "आज आरुष सकाळपासून रडून राह्यला, ताई. आवाजच बसला त्याचा."

मनीषा दिवसभर दुसऱ्याच पोराकडं बघत होती! वरून कॅमेरा, सगळ्यांना एकच युनिफॉर्म, सगळ्यांची डोकी सारखी. दुसऱ्या दिवशी तिनं हे सांगितलं तेव्हा सगळ्या पोट धरून हसल्या. ती पण हसली. मंग डोळे पुसत म्हणाली, "माझ्या आरुषकडं कुणी बघत असंल का गं, आपला समजून?"

*

सुमनताई आमच्यात सगळ्यात जुनी. मी तिला फोन करून अडचण सांगितली. ती म्हणाली, "पोत्यांची थप्पी आली की आपण वरच्या पोत्यावर भरोसा ठेवतो का? न सांगता जातो, मधल्या पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसतो, मूठभर बी काढतो. हे पण तसंच करू!"

झालं! संदीप जागा होता तोवर परीला त्याच्याजवळ ठेवलं अन् आम्ही दोघी तिच्या जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवर निघालो, पाळणाघरांचं सॅम्पल काढायला.

आधी खालांकडं. दार उघडंच. खाला नमाज पढत होत्या अन् एक पोर त्यांच्या पाठीवर चढून बसलेलं. खाला वाकल्या त्या इतक्या हळू, की पोर जागचं हललं न्हाई. कोपऱ्यात साडीच्या झोळीत त्यांचा तान्हा नातू झोपलेला. सुमनताई माझ्या कानात म्हणाली, "पास."

तेवढ्यात चर्रर्र! जमिनीवरच ठेवलेल्या गॅसवरचं दूध उतू चाललं होतं, अन् एक पोरगी रांगत तिकडंच निघालेली. मी चपलेसकट आत पळाले अन् गॅस बंद केला.

"आता?" मी विचारलं.

"हे सॅम्पल परत काढावं लागंल," सुमनताई म्हणाली.

मंग सेंटर. बघतो तर आत लेकरं सांभाळायला कोण? खालांची सून रुखसाना! आम्ही नुकताच झोळीत बघितला तो तिचाच मुलगा. मी तर चाटच पडले. विचारलं, "रुखसाना, तू इथं कामाला, अन् तुझं लेकरू घरी? सेंटरवाले ठेवू देत न्हाईत का?"

"ठेवू देतात ना, ताई." तिच्या काखेत एक पोर होतं, दुसरं पायाशी रडत होतं. काखेतलं खाली ठेवून तिनं पायाशी होतं ते उचललं. "पण मंग त्याच्यासमोर मला दुसऱ्याला आधी उचलावं लागंल."



*

शेवटी परीला खालांकडं ठेवायचं ठरलं. लोक विचारतात, "काय बघून निवडलं?" काय बघून सांगू! मला परीला दोन्हीपैकी कुठंच ठेवायचं नव्हतं. मला ती माझ्याजवळ पाहिजे होती, अन् तेवढंच सोडून बाकी सगळं मिळत होतं. गॅसची शेगडी खालांनी उंच ओट्यावर ठेवली, हीच काय ती माझी जीत.

सोमवारी सकाळी परीला त्यांच्या हातात दिलं. खालांची एकच अट होती. "घडी घडी फोन नक्को. भरोसा है तो छोड, नै तो गोद में लेके जा कंपनी कू."

छोड के आले. मनीषाला निदान दुसऱ्याचं पोर तरी दिसत होतं. मला काहीच दिसत नव्हतं.

पुढचं मला आठवत न्हाई, सुमनताईनं सांगितलं म्हणून सांगते. मी उगवणीच्या उबदार खोलीत कोंब मोजायला गेले ते बाहेरच येईना. आमचे जाधव सर शोधायला आले. लई कडक माणूस. गुंडाळी आडवी दिसली तरी अख्खी लॅब डोक्यावर घेतात, कारण आडवी झाली की मुळं वाकडी जातात. दारात येऊन बघतात तर मी कपाशीच्या बियाची ओली गुंडाळी हातावर आडवी घेतलेली, कोपरात तिचं डोकं धरल्यासारखी. मी उभ्या उभ्या झुलून राह्यले, दुसऱ्या हातानं थोपटून राह्यले. ॲप्रनवर पाणी ठिबकत होतं.

सरांच्या मागं सुमनताई अन् मनीषा जीव मुठीत धरून उभ्या. आता सर ओरडणार!

 सरांनी खोलीतली लाइट बंद केली. आवाज न करता दार ओढून घेतलं. अन् पलीकडं पॅकिंगच्या खडखडत्या हॉलमध्ये जाऊन म्हणाले, "मशीन जरा बंद ठेवा रे."