पाटीसमोरचे नऊ दिवस

प्रौढ साक्षरता वर्गाच्या परीक्षेत मी रस्त्यावर, दवाखान्यात दिसणाऱ्या पाट्यांची कार्डं दाखवत होते. साठीच्या कौसल्याबाईंना 'थांबा' आलं नाही, 'रांग' आलं नाही. मी यंत्रासारखी फुल्या मारत गेले. मग 'अतिदक्षता विभाग' निघालं. तिथं अख्खा वर्ग अडखळतो. बाईंनी ते एका दमात म्हटलं.

"हे कसं आलं?"

"मालक आत होते ना. नऊ दिवस त्या दारासमोर बसून होते मी. बघायला दुसरं काय होतं?"

मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे कोणतं?"

"सुटं नाही येत, ताई. अख्खं येतं."

नियमाप्रमाणे हे वाचन नव्हे. पण एकच पाटी नऊ दिवस बघत बसावं, असं अक्षरं येऊनही माझं कधी झालं नाही. मी बरोबरची खूण केली.

पुढचं कार्ड 'बाहेर'. तीन सोपी अक्षरं. तशी पाटी त्या दवाखान्यातही असणारच. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हे नाही येत," त्या म्हणाल्या. "ह्याच्याकडं तेव्हा लक्षच गेलं नाही."