सहा कुठून आले

“घाबरलात ना? मग बरोबर चाललंय,” असं म्हणत मॅडम खडूचे हात ओढणीला पुसायच्या आणि फळ्यावरचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याचंच जास्त अडलेलं असतं, असं तुम्हीही कधी पाहिलं असेल. आम्हाला मात्र तेव्हा ते दिसलं नाही.

भोरला अकरावी सायन्सच्या गणिताला आम्ही वीसेक जण होतो. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, जेवढे तास तेवढाच पगार. मुलं टिकली तर वर्ग, वर्ग टिकला तर मॅडम. द्विपद विस्ताराचा धडा आला आणि चाचणीत जवळजवळ सगळेच नापास झालो. गणिताऐवजी भूगोल घेता येतो, हे कुणीतरी शोधून काढलं. मग रोज दोन-चार अर्ज ऑफिसात जाऊ लागले.

मॅडम वही घेऊन एसटी स्टँडपर्यंत मुलांमागे यायच्या. “आठ दिवस थांबा रे. एवढा धडा तरी होऊ द्या.” मुलं हसायची. मग त्याही हसायच्या, पण डोळे सुजलेले असायचे.

एका रविवारी त्या भोंगवलीला आमच्या घरी आल्या. वडील म्हणाले, “मॅडम, पोरगी जेवत न्हाई ओ. आमाला त्यातलं काय कळत न्हाई, पर सुटू द्या तिला.”

“दादा, तिला येतंय. एकाच जागी अडलीय ती.”

मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. बाहेर आलेच नाही.

सोमवारी कॉलेज उघडताच मी अर्ज दिला. दुपारी मॅडमना सांगायला गेले, तर वर्गात त्या एकट्याच होत्या.

“आलीस? बस.”

अर्जाचं सांगायचं राहू दिलं. मी बसले.

“कुठं अडतं ते सांग.”

“a अधिक b चा चौथा घात. मधे सहा कुठून येतात?”

त्यांनी चार कंस मांडले. “दोन कंसांतून a उचलायचा, उरलेल्या दोनांतून b. कोणते दोन, ते किती तऱ्हांनी ठरेल? मोज.”

पहिला-दुसरा, पहिला-तिसरा... मी बोटांवर मोजत गेले. “सहा!”

“सहा,” मॅडम म्हणाल्या आणि बाकावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंद झाला असेल, असं मला वाटलं.

मी धावत ऑफिसात गेले. “माझा अर्ज परत द्या.”

“आता कुठला?” क्लार्क म्हणाले. “शेवटचा तुझाच होता, गणिताचा वर्ग बंद झाला. सकाळीच मॅडमची सही घेऊन पुढं पाठवला.”

परत आले तेव्हा फळा पुसलेला होता आणि मॅडम गेल्या होत्या.